दर कळतो, माप कळत नाही: स्वयंपाकघराच्या कोटेशनांविषयी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या आधी घरातले रंगकाम आणि स्वयंपाकघराची दुरुस्ती उरकून घ्यायची, ही कोकणातल्या बहुतेक घरांची रीत आहे. आमच्या रत्नागिरीच्या घरी यंदा ओट्याखाली ट्रॉल्या आणि भिंतीवर कपाटे करून घ्यायचे ठरले आणि त्यासाठी वैशाखात मी तीन ठिकाणांहून कोटेशने मागवली. त्या तीन कागदांचा मेळ घालताना जे आढळले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून माझी नोकरी झाली. अंदाजपत्रके तयार करणे आणि मोजमाप पुस्तिका भरणे हेच तेव्हाचे रोजचे काम होते. तरीही या तिघांत स्वस्त कोण, एवढे ठरवायला मला चार संध्याकाळी लागल्या. ज्यांच्या हातात आयुष्यात प्रथमच असा कागद येतो, ते शेवटची रक्कम पाहूनच निर्णय घेत असतील, तर त्यात त्यांचा दोष मानता येत नाही.

आमचा ओटा काटकोनात आहे. एका भिंतीला त्याची लांबी १० फूट आणि दुसऱ्या भिंतीला ८ फूट. वरची कपाटे फक्त १० फुटी भिंतीवर हवी होती, कारण दुसऱ्या भिंतीला परसाकडची खिडकी आहे आणि ती बुजवायला घरात कोणी तयार नाही. पहिल्या दुकानदाराने रनिंग फुटाचा, म्हणजे लांबीच्या प्रत्येक फुटामागचा, दर दिला. खालच्या कामाला ७,५०० रुपये आणि वरच्या कपाटांना ४,५०० रुपये. त्याने खालची लांबी १० अधिक ८ अशी १८ फूट धरली, वरची १० फूट धरली आणि एकूण १,८०,००० रुपये मांडले. आता ओट्याची खोली २ फूट असते. कोपऱ्यातला २ फुटांचा चौकोन दोन्ही भिंतींच्या मापात येतो, त्यामुळे प्रत्यक्षात खालचे काम १६ फूटच भरते. म्हणजे जी कपाटे कधी बनणारच नाहीत त्यांचे १५,००० रुपये त्या कागदात होते. ग्रॅनाइटच्या मापातही हाच प्रकार होता. ३२ चौरस फुटांच्या जागी ३६ चौरस फूट धरले होते.

मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘साहेब, कोपऱ्याचं काम किचकट असतं, सगळेच असं धरतात.’ कोपऱ्याचे काम किचकट असते, हे खरे आहे. तिथली बिजागरी वेगळी लागते आणि फिरती ट्रॉली बसवायची असेल तर ती चांगलीच महाग पडते. परंतु मग ‘कोपऱ्याचे जादा काम, इतके रुपये’ अशी स्वतंत्र ओळ लिहायला हवी. सरकारी कामात मोजमापाच्या पद्धतीसाठी आयएस १२०० हे भारतीय मानक आहे आणि भिंतीच्या गिलाव्यातली अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची मोकळी जागा वजा करायची नाही, इतका बारीक नियम त्यात लिहिलेला आहे. या नियमातही कंत्राटदाराला थोडे जास्त मिळतेच. पण ते किती आणि का, हे दोन्ही बाजूंना काम सुरू होण्यापूर्वी ठाऊक असते.

दुसरे कोटेशन सुतारकामाचा ठेका घेणाऱ्या एका कारागिराचे होते. दर १,४५० रुपये चौरस फूट. मी समोरून दिसणारा भाग मोजला. खाली १६ फूट लांबी गुणिले अडीच फूट उंची म्हणजे ४० चौरस फूट, वर १० गुणिले २ म्हणजे २० चौरस फूट, एकूण ६० चौरस फूट आणि रक्कम ८७,०००. घरात क्षणभर आनंदीआनंद झाला. दुसऱ्या दिवशी तो माणूस टेप घेऊन आला आणि त्याचे माप १४८ चौरस फूट निघाले, कारण तो दर्शनी भागाबरोबर कपाटाच्या बाजू, तळ आणि आतले कप्पे असा लागणारा सगळा पृष्ठभाग मोजत होता. रक्कम २,१४,६०० झाली. त्याने फसवले, असे मी म्हणणार नाही, कारण त्याच्या धंद्यात हे माप चालते आणि लागणाऱ्या प्लायचा अंदाज त्यातूनच नीट येतो. अडचण इतकीच, की बाजारात ‘चौरस फूट’ या एकाच शब्दाने किमान दोन वेगळी मापे चालतात आणि दर सांगताना त्यातले कोणते, हे कोणी सांगत नाही. एखाद्याने दर्शनी मापाचा २,६०० रुपये दर सांगितला तर तो महागडा वाटून आपण त्याला परत पाठवतो, आणि प्रत्यक्षात तो ६० चौरस फुटांचे १,५६,००० रुपयेच घेणार असतो.

घर विकत घेताना पूर्वी असेच होत असे. सुपर बिल्टअप, बिल्टअप आणि कार्पेट या तीन शब्दांत गिऱ्हाईक हरवून जाई. स्थावर संपदा कायद्याने २०१६ साली चटई क्षेत्राची, म्हणजेच कार्पेटची, व्याख्या करून ठेवली, २०१७ पासून त्या कायद्याखालच्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाचे कामकाज सुरू झाले आणि निदान कशाच्या मापावर पैसे मोजतो आहोत हे विचारायची सोय झाली. दर त्यामुळे उतरले नाहीत, पण दोन इमारतींची तुलना करता येऊ लागली. स्वयंपाकघराच्या बाबतीत मला तेवढेच हवे आहे.

तिसरे कोटेशन ठोक रकमेचे होते. १,६५,००० रुपये, ‘सर्व धरून’. सोबत संगणकावर काढलेले सुंदर रंगीत चित्र होते. त्यात चिमणी होती, काचेची दारे होती, कपाटाखाली दिवे लागलेले होते आणि ओट्यावर सफरचंदांची परडीसुद्धा होती. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते, की चित्र केवळ कल्पना येण्यासाठी आहे. ‘सर्व’ या शब्दात काय काय येत नाही, हे मी फोनवरून एकेक करून विचारत गेलो. १८ टक्के जीएसटी येत नाही, म्हणजे २९,७०० रुपये वाढून रक्कम १,९४,७०० झाली. घाट उतरून माल आणण्याचे आणि हमालीचे ९,००० येत नाहीत. खणांच्या आत बसणाऱ्या तारेच्या सहा बास्केटचे २४,६०० येत नाहीत. या दोन्ही रकमा कर धरून असल्याने एकूण २,२८,३०० पर्यंत पोहोचलो आणि तरीही ग्रॅनाइट, सिंक, नळजोडणी आणि विजेचे पॉइंट बाहेरच होते. जुना ओटा फोडून राबिट, म्हणजे फोडकामाचा मलबा, कोण उचलणार, याचा उल्लेख तर तिन्ही कोटेशनांत नव्हता.

आता मालाविषयी. आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न पुण्या-नाशिकपेक्षा अधिक गंभीर आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. चार महिने धो धो पाऊस, बाराही महिने खारा वारा, जांभ्याच्या भिंतींत मुरणारा ओलावा आणि वाळवी, या चौघांना तोंड देईल असे सामान हवे. तिन्ही विक्रेत्यांनी ‘मरीन प्लाय’ हा शब्द वापरला. भारतीय मानकांत मरीन प्लायवूड म्हणजे आयएस ७१० आणि त्याचे चिकटवलेले थर सुटतात का, हे उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवून तपासले जाते. आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडचे मानक आहे आणि त्यातही ओलावा सोसणारी आणि उकळते पाणी सोसणारी अशा प्रती आहेत. दुकानात यांपैकी काहीही ‘वॉटरप्रूफ’ या एकाच नावाने विकले जाते. फळीवर नुसता ‘७१०’ हा आकडा छापलेला असणे पुरेसे नाही. आयएसआयची खूण आणि तिच्याखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो क्रमांक बीआयएस केअर या सरकारी अॅपवर टाकला की परवाना कोणाचा आणि कोणत्या मालासाठी, हे कळते. मी फळी दाखवा म्हटल्यावर एका ठिकाणी कळले, की मरीन प्लाय फक्त सिंकखालच्या खणाला आहे. बाकीचे सांगाडे पार्टिकल बोर्डाचे, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीचे, आणि मागची पाठ पातळ एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीची. कोकणात तर ओली भिंत पाठीलाच चिकटलेली असते.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पुराचे पाणी शिरले, तेव्हा माझ्या मेहुण्यांचे दोन वर्षांपूर्वी केलेले स्वयंपाकघर आठवड्याभरात भिजलेल्या पावासारखे फुगले. त्यांच्या कोटेशनावर ‘वॉटरप्रूफ बोर्ड’ एवढेच लिहिलेले होते, त्यामुळे भांडायला आधारच नव्हता. एवढ्या पुरापुढे मरीन प्लायही किती टिकले असते, हा वाद बाजूला ठेवतो. त्यांच्या शेजाऱ्यांकडे मात्र जुन्या पद्धतीचा, कडाप्प्याचे खण असलेला ओटा होता. त्यांनी ट्रॉल्या बाहेर काढल्या, चिखल धुतला आणि नवी दारे लावून घेतली. कडाप्पा फुगत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. ज्यांच्याकडे असे खण धडधाकट आहेत त्यांनी नगावर ट्रॉल्या आणि दारे करून घेतली तर खर्च कमी येतो. पण हा पर्याय मला तिघांपैकी एकानेही आपणहून सांगितला नाही. आमचा जुना ओटा बुटका होता आणि त्याचे कडाप्पे तडकलेले होते, म्हणून आम्हाला तो मार्ग नव्हता.

लोखंडी सामानाचे तसेच. ‘एसएस’ लिहिले की गिऱ्हाईक निश्चिंत होते. ३०४ प्रतीच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ प्रतीत महागड्या निकेलचा बराचसा भाग मँगनीजने भरून काढलेला असतो आणि खाऱ्या हवेत ते लवकर डागाळते. काही बास्केट तर साध्या तारेवर चकचकीत मुलामा चढवलेल्या असतात. नव्या असताना तिन्ही सारख्याच दिसतात. लोहचुंबक लावून पाहण्याची युक्ती सांगितली जाते, पण मुलामा दिलेली साधी तार ओळखण्यापलीकडे तिचा भरवसा नाही, कारण २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. म्हणून प्रत कागदावर लिहून घेणे हाच उपाय आहे. माझ्या माहितीतल्या मिऱ्याकडच्या एका घरात समुद्र हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथे पहिल्याच पावसाळ्यानंतर ट्रॉल्या ज्यांवर सरकतात ते चॅनेल खरखरू लागले होते.

मुंबईकर चाकरमान्यांची स्थिती याहून अवघड आहे. गावचे घर दहा महिने बंद. काम फोनवरून ठरते, व्हॉट्सअॅपवर चित्र आणि एकूण रक्कम येते, निम्मे पैसे आगाऊ जातात आणि माल पाहायला मिळतो तो चतुर्थीच्या आदल्या दिवशी. तेव्हा जादा कामाचे बिल पुढे आले, की घरात पाहुणे असताना वाद कशाला, म्हणून ते दिले जाते.

कराबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. ‘बिल हवं असेल तर १८ टक्के वेगळे’ हे वाक्य दुसऱ्या ठिकाणी मीही ऐकले. जीएसटी क्रमांक विचारला तर तो नव्हता. नोंदणी नसलेल्या व्यावसायिकाला कर गोळा करण्याचा अधिकार नाही, आणि कंपोझिशन या लहान व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या कर योजनेतल्या नोंदणीकृत व्यापाऱ्यालाही तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. लहान सुताराची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असते आणि त्याची नोंदणी नसणे हा काही गुन्हा नव्हे. त्याने साधी पावती द्यावी, कर लावू नये. पण पावतीच न देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आणि कर वाचवण्याच्या मोहाने बिनबिलाचे काम करून घेणाऱ्या आपणा गिऱ्हाइकांनी नंतर दहा वर्षांच्या वॉरंटीची अपेक्षा धरणे, हेही हास्यास्पदच आहे.

त्याच अधिनियमात मालाची किंवा सेवेची गुणवत्ता, प्रमाण, दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क म्हणून नोंदलेला आहे. ऑनलाइन व्यवहारांत आधी कमी किंमत दाखवून पैसे भरताना एकेक आकार चढवत नेण्याला नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या क्लृप्त्यांमध्ये धरले आहे. कागदी कोटेशनात हेच घडते तेव्हा आपण त्याला धंद्याची रीत म्हणतो. गंमत म्हणजे वैधमापन अधिनियम, २००९ पाहिला तर दर सांगताना आणि बिल करताना मेट्रिक मापेच वापरायला हवीत, म्हणजे रनिंग फूट हे मापच मुळात कायद्यात बसत नाही. मी स्वतः घरी फुटांतच विचार करतो, त्यामुळे त्यावरून कोणाला कोर्टात खेचा असे म्हणत नाही. पण फुटांच्या शेजारी मिलिमीटरमध्ये मापे लिहिली, तर पावणेदहा फुटांचे दहा फूट करण्याची सवय आपोआप कमी होईल.

विक्रेत्यांची बाजू मी समजून घेतली नाही, असे होऊ नये. पहिल्या दुकानदाराशी चहा घेताना त्याने जे सांगितले ते मला पटले. तो दोनदा घरी येऊन माप घेतो, रेखाचित्र काढतो, बाबनिहाय कागद देतो आणि गिऱ्हाईक तोच कागद घेऊन दुसऱ्या सुताराकडे जाते व ‘यापेक्षा कमी कर’ म्हणते. मेहनत याची, काम त्याचे. म्हणून पुढे पुढे त्याने तपशील देणेच बंद केले. शिवाय फरशी बसण्यापूर्वी घेतलेले माप अंतिम नसते, जांभ्याची भिंत ओळंब्यात क्वचितच असते आणि प्लायचे भाव बदलतात. यावर उपाय आहे. माप आणि आराखड्याचे दोन हजार रुपये आधी घ्यावेत, काम मिळाले तर ते बिलातून वळते करावेत. गिऱ्हाइकानेही ते कुरकुर न करता द्यावेत. फुकटच्या कोटेशनाचा खर्च शेवटी काम देणाऱ्याच्याच बिलात मिसळलेला असतो. सुताराला किंवा सजावटकाराला प्लायच्या दुकानातून जे कमिशन मिळते तेही असेच मिसळलेले असते, परंतु त्याविषयी दोन्ही बाजू गप्प राहणे पसंत करतात.

माझी सूचना अशी आहे. सरकारी अंदाजपत्रकात बाब, परिमाण, दर आणि रक्कम असे रकाने असतात. स्वयंपाकघराच्या कोटेशनालाही तेवढेच पुरे. प्रत्येक खणाची रुंदी, उंची, खोली. सांगाडा, दार आणि पाठ यांचे सामान, जाडी व मानक. चॅनेल आणि बिजागऱ्यांची कंपनी व नग. बास्केटच्या पोलादाची प्रत. मोजणीची पद्धत एका वाक्यात. कर धरून अंतिम रक्कम. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ‘यात समाविष्ट नाही’ असा रकाना. आमच्या खात्यात मूळ अंदाजपत्रकाबाहेरच्या कामाला आधी दर मंजूर करून घ्यावा लागे. इथेही जादा काम निघाले तर गिऱ्हाइकाच्या सहीशिवाय ते करू नये. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या परिषदांनी व्यापारी आणि सुतार यांना बोलावून असा एकपानी नमुना ठरवून द्यावा, अशी माझी विनंती आहे. तो सक्तीचा नसला तरी चालेल. मागायला गिऱ्हाइकाच्या हातात काही असले म्हणजे झाले.

तोवर वाद झालाच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जिल्हा आयोगाकडे ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. अर्थात तिथेही पहिला प्रश्न कागदावर काय लिहिले आहे, हाच येतो.

आमचे काम शेवटी पहिल्याच दुकानदाराला दिले. मी आखून दिलेल्या पानावर त्याने खालचे १६ फूट धरून कोपऱ्याचे ६,००० वेगळे लिहिले, १,८०,००० चे १,७१,००० झाले आणि त्यात कर समाविष्ट आहे असे सहीनिशी नमूद केले. ‘समाविष्ट नाही’च्या रकान्यात राबिट, नळजोडणी, ग्रॅनाइट आणि चिमणी आली. दोन ट्रॉल्यांचे चॅनेल अजून यायचे आहेत. शेवटचे १० टक्के ते बसल्यावर आणि बिल हातात आल्यावर द्यायचे, हेही त्याच पानावर आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शाखा अभियंता,
रत्नागिरी